यंत्र चुकले नाही, तरी हिशेब चुकला

रत्नागिरीच्या मांडवीच्या धक्क्यावर तुम्ही कधी उभे राहिला आहात काय? समोर अरबी समुद्र, डाव्या हाताला भाट्याच्या खाडीचे मुख, उजवीकडे दूरवर रत्नदुर्ग आणि पायाखाली ती प्रसिद्ध काळसर वाळू. 'मांडवी' या शब्दाचा जुना अर्थच जकातीचे ठाणे असा आहे. बंदरात माल उतरे, तेथे मांडवी असे. आता गंमत पाहा. जेथे जेथे जकातीची ठाणी होती, तेथे तेथे हे नाव राहून गेले. मुंबईत मशीद बंदराजवळ एक मांडवी आहे. कच्छात मांडवी नावाचे मोठे बंदर आहे. सुरत जिल्ह्यात तापीकाठी एक मांडवी आहे. विरारजवळ एक आहे, नांदेड जिल्ह्यात किनवटकडे आणखी एक आहे. शिवाय गोव्याची मांडवी नदी वेगळीच! रत्नागिरी स्थानकावर थांबणारी मांडवी एक्स्प्रेस आपल्या या मांडवीच्या नावाची, असे पुष्कळांना वाटते. पण तिचे नाव गोव्याच्या त्या नदीवरून ठेवलेले आहे.

माणूस संदर्भावरून कोणती मांडवी ते ओळखतो. संगणकाला संदर्भ कळत नाही. त्याच्या माहितीसंग्रहात गावाची ओळख फक्त नावाने ठेवली आणि 'मांडवीचा एकूण माल किती?' असे विचारले, तर तो साऱ्या मांडव्यांची बेरीज करून मोकळा होईल. म्हणून अशा संग्रहात नावाबरोबर क्रमांक लागतो. शाळेत एकाच वर्गात एकाच नावाची दोन मुले असली तरी हजेरीपटावर त्यांचे क्रमांक निराळे असतात ना, तसेच. भारत सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतंत्र सांकेतांक दिलेला आहे, तो याचसाठी. मांडव्या कितीही असोत, एकीचा आकडा दुसरीला मिळत नाही.

क्रमांकाने जोडलेल्या कोष्टकांच्या या पद्धतीला 'रिलेशनल डेटाबेस' म्हणतात. तिची कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली एका निबंधात मांडली. कॉड मूळचा इंग्लंडचा. दुसऱ्या महायुद्धात तो विमाने चालवीत असे. पुढे अमेरिकेत आयबीएम कंपनीत संशोधन करताना त्याला वाटले की, माहिती यंत्रात कोठे आणि कशी ठेवली आहे याच्याशी विचारणाऱ्याला कर्तव्य नसावे. त्याने फक्त काय हवे ते सांगावे. कसे शोधायचे ते यंत्र पाहील. १९७४ साली त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी असे प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली. तिलाच आज आपण एसक्यूएल म्हणतो. बँका, इस्पितळे, परीक्षा मंडळे यांच्या संगणकांना आज मुख्यतः याच भाषेत प्रश्न विचारले जातात.

आता 'काय हवे ते सांगा' हे ऐकायला सोपे आहे. पण सारी गोम तेथेच आहे. कशी, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, मांडवीला एक आंब्याचा व्यापारी आहे. पावस, नेवरे, गावखडी येथील बागायतदार त्याच्याकडे हापूसच्या पेट्या पाठवतात आणि गरज पडेल तशी त्याच्याकडून आगाऊ पैशाची उचल घेतात. व्यापाऱ्याच्या संगणकात तीन कोष्टके आहेत. पहिल्यात बागायतदाराचा क्रमांक, नाव आणि गाव. दुसऱ्यात पावत्या: कोणी, कोणत्या तारखेला, किती पेट्या दिल्या. तिसऱ्यात उचल: कोणी, केव्हा, किती रुपये घेतले. दुसऱ्या आणि तिसऱ्या कोष्टकात बागायतदाराचे नाव लिहिलेले नाही, फक्त त्याचा क्रमांक आहे. नाव हवे असेल तर क्रमांक जुळवून पहिल्या कोष्टकातून आणायचे.

अशा संग्रहात दोन जातीच्या चुका होतात. एक जात आरडाओरडा करणारी. समजा, दोन कारकून एकाच वेळी काम करीत आहेत. एकाने पावत्यांची नोंद अडवून धरली आहे आणि त्याला आता उचलीची हवी आहे. दुसऱ्याने उचलीची नोंद धरली आहे आणि त्याला पावत्यांची हवी आहे. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसणार! यंत्र हा पेच ओळखते, एकाचे काम रद्द करते आणि तसा संदेश पडद्यावर दाखवते. उपायही साधा: सर्वांनी कोष्टके नेहमी एकाच क्रमाने हाती घ्यावीत, म्हणजे पेच पडतच नाही. असे संदेश पाहून नवखा माणूस घाबरतो. पण या चुका बिचाऱ्या सालस. त्या स्वतःहून पुढे येतात. खरी भीती दुसऱ्या जातीची. तीत संदेश येत नाही, दिवा लाल होत नाही. उत्तर झटकन, नीटनेटके छापून येते आणि ते चुकीचे असते.

मोसम संपला. व्यापाऱ्याने यंत्राला सांगितले, 'बागायतदार, पावत्या आणि उचल ही तिन्ही कोष्टके क्रमांकाने जोड आणि प्रत्येकाच्या पेट्यांची आणि उचलीची बेरीज दे.' सोयीसाठी पेटीचा भाव सरसकट १,५०० रुपये धरू.

बागायतदार क्रमांक ७ च्या तीन पावत्या आहेत: ४०, २५ आणि ३५, म्हणजे १०० पेट्या. त्याने उचल दोनदा घेतली: १०,००० आणि १५,०००, म्हणजे २५,००० रुपये. त्याला मिळायला हवेत १,५०,००० वजा २५,०००, म्हणजे १,२५,००० रुपये. यंत्र मात्र दाखवते २०० पेट्या आणि ७५,००० उचल, देणे २,२५,०००! व्यापारी एक लाखाला बुडाला.

बागायतदार क्रमांक ८ ने दर वेळी १० अशा पाच पावत्यांनी ५० पेट्या दिल्या आणि एकदाच २०,००० उचलले. त्याला ५५,००० रुपये मिळायला हवेत. यंत्र म्हणते, पेट्या ५०, पण उचल १,००,०००. म्हणजे वर्षभर कलमांची राखण करणारा हा माणूस उलट २५,००० रुपयांचा देणेकरी ठरला! आणि क्रमांक ९? त्याने उचल घेतलीच नव्हती. यादीत त्याचे नावच नाही.

यंत्र बिघडले काय? मुळीच नाही. वही घ्या आणि स्वतः करून पाहा. 'जोडणे' म्हणजे क्रमांक जुळणारी प्रत्येक पावती क्रमांक जुळणाऱ्या प्रत्येक उचलीशेजारी मांडणे. सातव्या बागायतदाराच्या ३ पावत्या आणि २ उचली; ओळी झाल्या ३ × २ = ६. प्रत्येक पावती दोनदा आली, प्रत्येक उचल तीनदा. आठव्याच्या ५ × १ = ५ ओळी; पावत्या एकेकदाच आल्या, पण ती एकुलती उचल पाच वेळा. नवव्याच्या जोडीला काहीच नाही, म्हणून तो गळला. विचारले तेच यंत्राने अचूक केले. आपण विचारले मात्र भलतेच.

येथे बरेच जण घाईने एक औषध शोधतात. एसक्यूएलमध्ये 'डिस्टिंक्ट' हा शब्द आहे. तो घातला की सारखे आकडे एकदाच धरले जातात. सातव्या बागायतदाराला हे औषध लागू पडते: ४०, २५, ३५ एकेकदाच मोजले गेले, बेरीज १००. वा! पण आठव्याचे काय? त्याच्या पाचही पावत्या १० च्या. सारखे आकडे एकदाच धरायचे तर त्याच्या पेट्या उरल्या १०! एका ठिकाणी उत्तर बरोबर आले म्हणून औषध बरोबर, असे समजणे किती धोक्याचे आहे ते लक्षात येते. माझ्या मते या शब्दाइतके चुकांवर पांघरूण घालणारे दुसरे काही त्या भाषेत नाही.

खरा उपाय असा. आधी फक्त पावत्यांची बागायतदारवार बेरीज करावी. म्हणजे प्रत्येकाची एकच ओळ उरते. उचलीचेही तसेच करावे. मग या बेरजा बागायतदारांच्या यादीला जोडाव्यात, आणि तेही जोडीला काही नसले तरी बागायतदाराची ओळ राहील अशा पद्धतीने, म्हणजे 'लेफ्ट जॉइन' वापरून. त्यात जोडी नसलेल्या जागा कोऱ्या राहतात, तेथे शून्य धरायला सांगावे. पण उपायापेक्षाही रोग ओळखण्याची युक्ती महत्त्वाची आहे, आणि ती अगदी साधी: ओळी मोजा. बागायतदार साठ असतील तर उत्तरात साठच ओळी आल्या पाहिजेत. कमी आल्या तर कोणी गळले, जास्त आल्या तर कोणी दुणावले. प्रत्येक जोडणीनंतर असे मोजत गेले की चूक नेमकी कोणत्या पायरीवर शिरली ते कळते. मग एकच बागायतदार घेऊन त्याचा हिशेब हाताने करावा. अनुभवी माणसेही हेच करतात.

दुसरी एक मूक चूक याहून चमत्कारिक आहे. व्यापाऱ्याला हवे आहे, 'ज्यांनी यंदा एकही पेटी दिली नाही, ते बागायतदार कोण?' प्रश्न सरळ: ज्यांचे क्रमांक पावत्यांत नाहीत, ते दाखव. असे बागायतदार निदान चार-पाच तरी आहेत हे त्याला ठाऊक आहे. यंत्र उत्तर देते: कोणीही नाही. शोधता शोधता कळले, वळवाच्या पावसात एक पावती भिजली होती. तिच्यावरचा क्रमांक वाचता आला नाही, म्हणून कारकुनाने तो रकाना कोरा ठेवला. एसक्यूएलमध्ये कोऱ्या रकान्याला 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'.

आता यंत्राच्या जागी तुम्ही उभे राहा. 'बारावा बागायतदार पावत्यांत नाही, हे खात्रीने सांगता काय?' बाकी सर्व पावत्यांत तो नाही. पण त्या भिजलेल्या पावतीवर बाराच नसेल कशावरून? खात्री नाही. तेराव्याचेही तसेच, चौदाव्याचेही तसेच. शाळेत आपण 'खरे' आणि 'खोटे' ही दोनच उत्तरे शिकतो. कॉडच्या पद्धतीत 'सांगता येत नाही' हे तिसरेही उत्तर आहे, आणि यंत्र फक्त खात्रीच्या ओळी छापते. म्हणून यादी रिकामी. एक भिजलेली पावती सारी यादी पुसून टाकते! यावर उपाय म्हणजे कोऱ्या ओळी आधी वगळाव्यात, किंवा प्रश्न 'नॉट इन' ऐवजी 'नॉट एक्झिस्ट्स' या शब्दांनी विचारावा. त्याहून चांगले म्हणजे क्रमांकाशिवाय पावती स्वीकारायचीच नाही असा नियम कोष्टकालाच घालून द्यावा. मग यंत्र नोंद करतानाच ओरडेल. मूक चुकीला बोलके करण्याचा हा उत्तम मार्ग.

मराठीत आणखी एक अडचण येते, ती इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सहसा सापडणार नाही. 'कऱ्हाडकर' हे आडनाव घ्या. त्यातला तो चंद्रकोरीसारखा 'ऱ्' संगणकात निरनिराळ्या प्रकारे लिहिता येतो. एका पद्धतीत 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावतात. दुसऱ्या पद्धतीत साध्या 'र' ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, कागदावर सारखेच छापले जातात. पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी आडनावे! सकाळच्या कारकुनाने एका तऱ्हेने लिहिले, दुपारच्या कारकुनाने दुसऱ्या तऱ्हेने, आणि शोध घेतला की अर्धे कऱ्हाडकर सापडतच नाहीत. डोळ्यांना फरक दिसत नाही, म्हणून अशा वेळी नावाची लांबी मोजायला सांगावी. एकात एक चिन्ह जास्त निघते आणि चोर सापडतो. नावापेक्षा क्रमांकावर भर देण्याचे हे आणखी एक कारण.

तुम्ही म्हणाल, पेट्यांचा हिशेब चुकला तर तो पुन्हा मांडता येईल. पण जमिनीचा चुकला तर? महाराष्ट्रातील सात-बारा उतारे हेदेखील आता अशाच संग्रहातून निघतात. १ मे २०१८ पासून तलाठ्याची डिजिटल स्वाक्षरी असलेले उतारे मिळू लागले. गाव नमुना सात हा जमिनीच्या तुकड्यावार असतो: या भूमापन क्रमांकात कोणकोण धारक आहेत. नमुना आठ-अ खातेदारावार असतो: या खातेदाराची जमीन कोठेकोठे आहे. म्हणजे एकच गोष्ट दोन बाजूंनी लिहिलेली. कागदी वह्यांत एका बाजूला बदल झाला आणि दुसरीकडे राहून गेला, असे घडत असे. कागदावर ते कोणाच्या नजरेस आले नाही. संगणकात घालून मेळ तपासताच अशा जुन्या विसंगती उघड्या पडतात.

त्यातील एक विसंगती शुद्ध गणिताची आहे. समजा, दहा आर जमीन, म्हणजे १,००० चौरस मीटर, तीन भावांत समान वाटायची आहे. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे लिहितात. प्रत्येकाच्या नावे लागले ०.०३.३३, म्हणजे ३३३ चौरस मीटर. तिघांचे मिळून ९९९. एक चौरस मीटर गेला कोठे? चोरीला कोणी नेला नाही. तो भागाकारात हरवला. कोकणात एकेका तुकड्यावर कितीतरी सहहिस्सेदार असतात, तेथे असे थेंब साचत जातात आणि 'धारकांच्या क्षेत्राची बेरीज बरोबर एकूण क्षेत्र' ही तपासणी नापास होते. कॉडच्या शिकवणुकीप्रमाणे पाहिले तर येथे मूळ गोष्ट आहे ती 'एक तृतीयांश हिस्सा'. क्षेत्र हे त्यावरून काढलेले उत्तर. मूळ जपले की उत्तर केव्हाही काढता येते. नुसते उत्तर जपले तर मूळ हरवते.

(घरी संगणक असेल तर त्याला विचारा, ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ काय? पुष्कळ संगणक-भाषा 'नाही' म्हणतील! दशमान पद्धतीत १/३ जसा पुरता लिहिता येत नाही, तसा द्विमान पद्धतीत ०.१ लिहिता येत नाही. म्हणून पैशाचा हिशेब पैशांच्या पूर्णांकात ठेवणे बरे.)

आणि चूक सापडली की काय करायचे? येथे महसुली पद्धतीतील एक जुनी शिस्त मला फार आवडते. सात-बारावरचा हक्क खोडून बदलता येत नाही. आधी नमुना सहा या वहीत फेरफाराची नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात, मगच उतारा बदलतो. लेखनाच्या चुका दुरुस्त करण्यासाठीही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १५५ आहे. जुनी नोंद आणि ती बदलण्याचे कारण दोन्ही शिल्लक राहतात. संगणकाचे व्यवस्थापक बदलांची जी क्रमवार नोंदवही ठेवतात, तिच्यामागे हाच विचार आहे.

आता थोडे वेगाविषयी. 'उत्तर यायला फार वेळ लागतो' ही तक्रार वारंवार येते. दहा लाख नावांची यादी विस्कळीत असेल तर एक नाव शोधायला दहा लाख ओळी वाचाव्या लागू शकतात. तीच अकारविल्हे लावलेली असेल तर प्रत्येक वेळी अर्धी यादी बाद करीत वीस पायऱ्यांत नाव सापडते, कारण दोनचा विसावा घात दहा लाखांच्या थोडा वरच आहे. यंत्रातील अशा सूचीला 'इंडेक्स' म्हणतात. तिची आज सर्वत्र वापरली जाणारी 'बी-ट्री' ही रचना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांच्या १९७२ सालच्या निबंधातून आली. पण सूची असूनही काम रेंगाळते, तेव्हा प्रश्न कसा विचारला आहे ते पाहावे. शब्दकोशात 'सा' ने सुरू होणारे शब्द चटकन सापडतात. पण 'कर' ने संपणारे शोधा बरे! सारा कोश चाळावा लागेल. कोकणात तर पुष्कळ आडनावे 'कर' ने संपतात. यंत्राचीही तीच गत. प्रश्नाआधी 'एक्स्प्लेन' हा शब्द लिहिला की यंत्र कोणत्या वाटेने जाणार ते सांगते. सूचीने की सारा संग्रह चाळत.

सूचीने एकदा खुद्द जाणकारांनाही चकवले. १९७६ साली आयबीएममध्ये संशोधकांनी यंत्राला सांगितले, २५,००० डॉलरपेक्षा कमी पगार असलेल्या प्रत्येकाला दहा टक्के वाढ द्या. यंत्राने काम निमूटपणे पार पाडले. पाहतात तो कोणाचाच पगार २५,००० च्या खाली नाही! यंत्र पगाराच्या चढत्या सूचीने चालले होते. वाढ मिळालेला माणूस सूचीत पुढे सरके आणि यंत्राला पुन्हा भेटे. पुन्हा दहा टक्के! तो दिवस त्यांच्याकडील हॅलोवीन सणाचा होता, म्हणून संगणकशास्त्रात याला आजही 'हॅलोवीन प्रॉब्लेम' म्हणतात. आजचे डेटाबेस याची काळजी स्वतःच घेतात.

शेवटची काळजी मात्र माणसालाच घ्यावी लागते, ती म्हणजे प्रत काढून ठेवण्याची. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. कागदी वही आणि तिची नक्कल एकाच कपाटात ठेवली तर अशा दिवशी नकलेचा काय उपयोग? पण प्रत दुसरीकडे ठेवली की संपले, असेही नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत रात्री काम करताना एका अभियंत्याने चुकून मुख्य संग्रहच पुसला. प्रती ठेवण्याच्या पाच तऱ्हेच्या सोयी होत्या. एकही धडपणे चालत नव्हती, आणि ते आजवर कोणाला कळले नव्हते! सुमारे सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी हाताने काढलेली एक प्रत होती, तिने कंपनीला तारले. कंपनीने ही सारी हकिकत स्वतःच जाहीर केली, हे तिचे मोठेपण. प्रत काढल्यावर तिच्यातून संग्रह पुन्हा उभा करून पाहिला, तरच ती प्रत. आणि हे पाहायचे कसे? पुन्हा तेच, ओळी मोजून.

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस विनामूल्य मिळतो. तो इतका लहान आहे की तुमच्या घरच्या मोबाइलमध्येही बहुधा तो आधीच बसलेला असेल. शिक्षकांच्या मदतीने शाळेच्या ग्रंथालयाची तीन कोष्टके करा: विद्यार्थी, नेलेली पुस्तके, भरलेला दंड. मग तिन्ही एकदम जोडून प्रत्येकाची पुस्तके आणि दंड मोजा. यंत्राने दाखवलेली एकूण पुस्तके ग्रंथपालांच्या वहीशी ताडून पाहा. एकदाही दंड न भरलेला विद्यार्थी यादीत आहे का, तेही पाहा. संगणक नसेल तर पत्त्यांएवढे कागद कापून हेच टेबलावर मांडा. तीन पावत्या, दोन उचली, आणि किती ओळी होतात ते मोजा.